अंकांतून स्वर
संगीताच्या अंकीय संदेशाचे विद्युद्दाबात रूपांतर करणारे मंडल

बंगळूरच्या नगरभवनापासून जवळच सदर पत्रप्पा रस्ता आहे. लोक त्यास नुसते एस. पी. रोड म्हणतात. दोन्ही बाजूंच्या लहान लहान दुकानांतून तारा, रोधक, धारित्रे, बटणे आणि नखाएवढ्या काळ्या चकत्या यांची विक्री चालते. ह्या रस्त्यावरील एका फेरीत मिळणाऱ्या वस्तूंतून जे एक लहानसे मंडल बांधता येते, त्याची हकीकत पुढे दिली आहे. मंडलाच्या एका टोकास संगीताचे अंक येतात व दुसऱ्या टोकातून विद्युद्दाब बाहेर पडतो. जुळणी एका सायंकाळी होण्याजोगी आहे. परंतु ती करीत असता एक प्रश्न हटकून पुढे येतो, आणि तो प्रश्न विजेचा नसून स्वराचा आहे.

बंगळूर आणि इलेक्ट्रॉनिकी यांचा संबंध जुना आहे. भारत इलेक्ट्रॉनिक्स हा सरकारी कारखाना येथे १९५४ मध्ये स्थापन झाला. त्यातील यंत्रे संरक्षणासाठी व दळणवळणासाठी होती. संगीताच्या कामी ही विद्या आणण्याचे श्रेय ज्यांस जाते त्यांपैकी एक म्हणजे जी. राज नारायण. ते अभियंता असून बासरीवादकही आहेत. त्यांनी १९७९ मध्ये ह्याच शहरात रॅडेल ही संस्था सुरू केली आणि तिने विजेवर चालणारी श्रुतिपेटी, तंबोरा व तालयंत्र घरोघरी पोहोचविली. रियाजाला बसणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांनी तारांचा तंबोरा जवळून पाहिलेला नसतो, पण ही पेटी मात्र त्यांच्या नित्याच्या ओळखीची असते. तिच्यावर ध्वनी लहानमोठा करण्याच्या खुंटीखेरीज स्वर किंचित चढविण्याची वा उतरविण्याची खुंटी असते. गायकाची पट्टी दर दिवशी नेमकी पियानोच्या एखाद्या पट्टीशी जुळेल असे नाही, हे त्या खुंटीमागचे कारण. ही साधी खुंटी ध्यानात ठेवावी; पुढे तिचे काम पडेल.

दाबाची भाषा आणि अंकांची भाषा

विजेच्या साहाय्याने स्वर निर्माण करणाऱ्या मंडलास आंदोलक म्हणतात. आंदोलकास जो दाब पुरवावा त्यानुसार त्याचा स्वर चढावा किंवा उतरावा, अशी योजना अमेरिकेतील रॉबर्ट मूग यांनी १९६४ च्या सुमारास प्रत्यक्षात आणली. तिचा नियम असा की, दाब एका व्होल्टने वाढला म्हणजे आंदोलनसंख्या दुप्पट व्हावी. आंदोलनसंख्या दुप्पट होणे म्हणजेच एक सप्तक वर जाणे. तेव्हा एक व्होल्टास एक सप्तक, दोन व्होल्टांस दोन सप्तके. कानही असाच हिशेब करतो. मंद्र षड्जापासून मध्य षड्जाचे अंतर व मध्य षड्जापासून तार षड्जाचे अंतर कानास सारखेच वाटते, जरी आंदोलनांच्या गणतीने दुसरे अंतर पहिल्याच्या दुप्पट असते. गुणाकाराचे काम आंदोलकावर सोपवून दाबाकडे केवळ बेरीज ठेवली, हे ह्या नियमाचे मर्म होय. काही जपानी कंपन्यांनी, उदाहरणार्थ कॉर्गने आपल्या एम. एस. २० ह्या वाद्यात, याहून वेगळा नियम पाळला. तेथे दाब आंदोलनसंख्येच्या थेट प्रमाणात वाढतो. अशा वाद्यास पुढील मंडल जसेच्या तसे चालणार नाही.

मूगचे यंत्र भारतात फार लवकर आले. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या साहाय्याने १९६९ मध्ये ते बसविले गेले, आणि त्यानंतरच्या तीनएक वर्षांत गीता साराभाई, अतुल देसाई आदी मंडळींनी त्यावर रचना केल्या. त्या ध्वनिफिती पुढे दीर्घकाळ संग्रहातच पडून होत्या.

ह्या दाबाच्या भाषेत एक अडचण होती. एका यंत्राची तार दुसऱ्यास जोडावयाची तर दोघांचे नियम जुळावे लागत, आणि प्रत्येक कंपनीचा नियम निराळा. शिवाय प्रत्येक स्वरासाठी एक तार व तो केव्हा सुरू व्हावा हे सांगणारी दुसरी. मुंबईचे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये डिस्कोच्या ठेक्यावर दहा रागांची जी ध्वनिमुद्रिका काढली, ती रोलंड कंपनीची तीन यंत्रे एकत्र करून. अंकांची सर्वमान्य भाषा तेव्हा अद्याप व्हावयाची होती. पुढच्याच वर्षी, १९८३ मध्ये, अमेरिकेचे डेव्ह स्मिथ व जपानचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने मिडी ही सामाईक पद्धती जाहीर झाली. निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये एकाच पाच टोकांच्या तारेने परस्परांशी बोलू लागली. तीच पद्धती आजही चालू आहे, ही यंत्रांच्या जगात नवलाचीच गोष्ट म्हणावी लागेल.

संदेशात काय असते

मिडीच्या तारेतून ध्वनी वाहत नाही. वाहतात ते केवळ अंक. वादकाने पट्टी दाबली की तीन अंक निघतात. पहिला सांगतो की पट्टी दाबली. पहिल्या वाहिनीसाठी तो १४४ असतो. दुसरा पट्टीचा क्रमांक, ० पासून १२७ पर्यंत. तिसरा पट्टी किती जोराने दाबली याचे माप, तेही ० ते १२७. मधल्या सप्तकातील पांढरी एक, जिला पाश्चात्त्य लोक सी म्हणतात, तिचा क्रमांक ६० आहे. सेकंदास ४४० आंदोलनांची पांढरी सहा ६९ क्रमांकाची. पट्टी सोडली म्हणजे १२८ ने आरंभ होणारा संदेश येतो. पुष्कळ वाद्ये मात्र त्याऐवजी जोर शून्य असलेला १४४ चाच संदेश पाठवितात, आणि आज्ञावली लिहिणाऱ्याने ह्याची दखल घेतली नाही तर स्वर एकदा लागला की थांबतच नाही. वाद्य आणखीही एक काटकसर करते. लागोपाठचे संदेश एकाच प्रकारचे असतील तर पहिला अंक ते पुन्हा पाठवीत नाही. उरलेले दोनच पाठविते. म्हणून शेवटचा प्रकार-अंक स्मरणात ठेवणे आज्ञावलीस भाग असते.

हे अंक सेकंदास ३१,२५० बिट ह्या वेगाने येतात. संख्या विचित्र दिसते, पण १० लाखांस ३२ ने भागले की तीच येते, आणि त्या काळच्या चकत्यांना असा भागाकार सोपा जात असे. प्रत्येक अंकाचे ८ बिट व त्याच्या आगेमागे खुणेचा एकेक असे १० बिट धरले तर एका अंकास ३२० मायक्रोसेकंद लागतात. तीन अंकांचा संदेश एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत पुरा होतो. कानास ह्या विलंबाची जाणीवही होत नाही.

मंडलाची जुळणी

मंडलाचे तीन भाग आहेत. संदेश आत घेणारा, त्याचा अर्थ लावणारा, आणि अर्थाचा दाब बनविणारा.

पहिल्या भागात प्रकाशयुग्मक नावाची चकती असते. ६ एन १३८ ह्या क्रमांकाची चकती ह्या कामी नेहमी वापरतात. तिच्या पोटात एक लहान दिवा आणि समोर प्रकाश ओळखणारा ट्रान्झिस्टर असतो. मिडीच्या तारेतून ५ मिलिअँपिअरचा प्रवाह आला की दिवा लागतो, प्रकाश पलीकडे पोहोचतो व पलीकडची वीज तेवढ्यापुरती वाहते. दोन्ही बाजूंमध्ये धातूचा धागादेखील नसतो. केवळ उजेडाने निरोप पोहोचतो. एवढा खटाटोप कशासाठी? दोन यंत्रांच्या भूतारा एकमेकींस जोडल्या गेल्या तर त्यांच्या वेढ्यातून घरगुती विजेची गुणगुण स्वरात मिसळते. शिवाय एका यंत्रातील बिघाड दुसऱ्यास जाळू शकत नाही, हा लाभ वेगळाच.

पाच टोकांच्या खोबणीतील ४ क्रमांकाचे टोक २२० ओहमच्या रोधकातून चकतीच्या २ क्रमांकाच्या पायास जोडावे आणि ५ क्रमांकाचे टोक ३ क्रमांकाच्या पायास. ह्या दोन पायांमध्ये १ एन ४१४८ हा डायोड उलट्या दिशेने लावावा. तार चुकीची जोडली गेल्यास तो दिव्याचे रक्षण करतो. चकतीच्या ८ व्या पायास ५ व्होल्ट, ५ व्यास भूतार. ६ व्या पायातून निरोप बाहेर येतो. तो पाय ४७० ओहमच्या रोधकाने ५ व्होल्टांस बांधावा. खोबणीचे मधले, २ क्रमांकाचे, टोक मोकळेच ठेवावे. नवशिक्यास ते भूतारेस जोडण्याचा मोह होतो व प्रकाशयुग्मकाने साधलेली अलिप्तता तेथेच संपते.

दुसरा भाग म्हणजे सूक्ष्मनियंत्रक, बाजारात ज्यास मायक्रोकंट्रोलर म्हणतात. एका चकतीतच गणित करणारा भाग, स्मृती आणि बाहेरच्या जगाशी बोलण्याचे पाय अशी ही सामग्री असते. शाळेस सोयीची अशी आर्डुइनो ऊनो नावाची पाटी आहे. तिच्यावरील चकती सेकंदास १ कोटी ६० लाख ठोक्यांवर चालते, आणि ह्या संख्येतून मिडीचा वेग काहीही बाकी न उरता निघतो. प्रकाशयुग्मकाचा निरोप पाटीच्या शून्य क्रमांकाच्या टोकास द्यावा. संगणकावरून आज्ञावली चढविताना हेच टोक लागते, म्हणून तेवढा वेळ ही तार काढून ठेवावी. न काढल्यास आज्ञावली चढत नाही, आणि दोष कोठे आहे हे शोधण्यात तास जातो.

तिसरा भाग अंकाचा दाब बनवितो. ह्यामागील कल्पना तराजूच्या वजनांसारखी आहे. १, २, ४, ८ अशी दुपटीने वाढणारी वजने असतील तर त्यांच्या निवडीने कोणतेही पूर्ण माप तोलता येते. रोधकांच्या जाळीतून असेच दुपटीचे दाब तयार करून त्यांची बेरीज करता येते, आणि शाळेच्या प्रयोगशाळेत आठ रोधकजोड्यांची अशी जाळी करून पाहणे बोधप्रद आहे. परंतु स्वरासाठी ती अपुरी पडते. येथे १२ बिटांची म्हणजे ४०९६ पायऱ्यांची गरज असून, दुकानातील रोधक आपल्या मापापासून शेकडा एकाने ढळू शकतात. सर्वांत मोठे वजनच एवढे ढळले तर लहान वजनांस अर्थ उरत नाही. म्हणून कारखान्यात जुळवून घेतलेली चकती घ्यावी. एम. सी. पी. ४८२२ ही चकती सोयीची. तिच्यात स्वतःचा २.०४८ व्होल्टांचा संदर्भदाब असून दुप्पट करण्याची आज्ञा दिली असता ती ० पासून ४.०९५ व्होल्टपर्यंत जाते. म्हणजे एक पायरी बरोबर एक मिलिव्होल्टची. जो अंक पाठवावा तितके मिलिव्होल्ट बाहेर येतात. विद्यार्थ्यास याहून सोपा हिशेब मिळणे कठीण. तिच्या वीजपुरवठ्याच्या पायाशी ०.१ मायक्रोफॅरडचे धारित्र लावावयास विसरू नये.

ह्या चकतीस बाहेर पडण्याची दारे दोन आहेत. पहिल्यातून वाजविलेल्या स्वराचा दाब घ्यावा. दुसऱ्यातून षड्जाचा दाब सतत चालू ठेवावा व तो दुसऱ्या आंदोलकास द्यावा. त्यायोगे एक साधा तंबोराच मंडलाबरोबर सिद्ध होतो. पट्टी दाबलेली असेतोवर ५ व्होल्ट देणारी तिसरी तार सूक्ष्मनियंत्रकाच्या कोणत्याही मोकळ्या टोकातून घ्यावी. स्वर केव्हा सुरू व्हावा व केव्हा थांबावा, हे ती सांगते.

वादकाने एकाच वेळी दोन पट्ट्या दाबल्या तर? दाब एक, म्हणून स्वरही एकच. शेवटी दाबलेल्या पट्टीस मान द्यावा, आणि ती सोडताच अजून दाबलेली आधीची पट्टी पुन्हा बोलू लागावी, ही रीत वादकांस रुचते. हार्मोनियमच्या मानाने हे उणे खरे. पण गळ्यासही एका वेळी एकच स्वर लागतो.

कोष्टक कोणते घालावे

आता तो प्रश्न. ६५ क्रमांकाची पट्टी दाबली असता किती मिलिव्होल्ट बाहेर पडावे?

रूढ उत्तर सरळ आहे. सप्तकाचे बारा सारखे भाग करावे. १००० मिलिव्होल्ट भागिले १२, म्हणजे प्रत्येक पट्टीस ८३.३३ मिलिव्होल्ट. ३६ क्रमांकाच्या पट्टीस शून्य धरले तर ४८ ला १ व्होल्ट, ६० ला २, ७२ ला ३, ८४ ला ४ व्होल्ट येतात. ४४० आंदोलनांच्या ६९ ला २७५० मिलिव्होल्ट. बहुतेक सर्व मंडलांत हाच भागाकार एका ओळीत लिहिलेला असतो आणि कोणास त्यात खटकत नाही.

परंतु भारतीय कानास तो खटकतो, आणि ह्या खटकण्यास इतिहास आहे. हार्मोनियमच्या पट्ट्यांनाही हाच भागाकार लावलेला असतो. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली, तीमागचे एक मोठे कारण हे होते की, तिचे स्वर रागाच्या स्वरांशी जुळत नाहीत व तिच्यात मींड निघत नाही. ही बंदी १९७१ मध्ये काही अंशी उठली. त्याच्या कितीतरी आधी महाराष्ट्रातील एका निवृत्त डेप्युटी कलेक्टरांनी ह्या प्रश्नास हात घातला होता. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या श्रुतिप्रयोगांत अब्दुल करीम खाँ यांनी गाऊन साहाय्य केले, आणि त्या मापांवर एक श्रुतिहार्मोनियम लंडनमध्ये बनवून घेण्यात आली. अलीकडच्या काळात विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम सिद्ध करून तोच धागा पुढे नेला. श्रुतींची नेमकी मापे कोणती, याविषयी जाणकारांत मतभेद आहेत व राहतील. पण सारखे बारा भाग हे त्यांचे माप नव्हे, एवढ्यावर बहुतेकांचे एकमत आहे.

तंबोऱ्याजवळ कान नेला म्हणजे ह्यातील एक गोष्ट वादाविना पटते. षड्जाच्या तारेतून एक गांधार आपोआप उमटतो. त्यास स्वयंभू गांधार म्हणतात. तारेच्या मूळ आंदोलनसंख्येच्या पाचपट असलेला तो स्वर होय. दोन सप्तके खाली आणला की त्याचे षड्जाशी प्रमाण ५:४ भरते. षड्ज सेकंदास २७७ आंदोलनांचा, म्हणजे काळी एकचा, असेल तर हा गांधार सुमारे ३४६ आंदोलनांचा येतो. सारख्या भागांचा गांधार मात्र ३४९ च्या वर. अंतर तीन आंदोलनांहूनही कमी. पण स्वयंभू गांधार ज्या उंचीवर वाजतो तेथे हे अंतर चौपट होऊन सेकंदास सुमारे ११ ठोके ऐकू येतात. गायक ज्यास स्वर थरथरतो म्हणतात तो हा थरकाप.

प्रमाणाचा दाब कसा काढावा? प्रमाणाचा दोन ह्या पायावरील लॉगरिथम घेतला की तेवढे व्होल्ट येतात. ५:४ चे ०.३२२, ३:२ चे ०.५८५. सात शुद्ध स्वरांसाठी प्रचलित प्रमाणे घेऊन, षड्जापासूनचे मिलिव्होल्ट येणेप्रमाणे. प्रत्येक ओळीतील पहिली संख्या प्रमाणाने आलेली व दुसरी सारख्या भागांची.

षड्ज (१:१): ०; ०
रिषभ (९:८): १७०, १६७
गांधार (५:४): ३२२, ३३३
मध्यम (४:३): ४१५, ४१७
पंचम (३:२): ५८५; ५८३
धैवत (५:३): ७३७, ७५०
निषाद (१५:८): ९०७, ९१७
तार षड्ज (२:१): १०००, १०००

मध्यम व पंचम यांत जेमतेम दोन मिलिव्होल्टांचा फरक आहे. तो बहुधा कोणाच्या ध्यानात यावयाचा नाही. गांधारात ११, धैवतात १३, निषादात १०. एका मिलिव्होल्टास १.२ सेंट धरावे; सेंट म्हणजे सप्तकाचा १२०० वा भाग, आणि सरावलेला कान सुमारे ५ सेंटांचा फरक ओळखतो. तेव्हा गांधाराचा १३-१४ सेंटांचा फरक लपत नाही.

येथे एक गोष्ट नीट पारखून घ्यावी. मिडीचा संदेश स्वर सांगतच नाही. ६५ म्हणजे पासष्टावी पट्टी, एवढेच. तिचा स्वर कोणता हे ज्याच्या हाती संदेश पडतो तो ठरवितो. मिडीने भारतीय स्वर बिघडविले अशी जी तक्रार ऐकू येते, तिचा रोख म्हणूनच थोडा चुकतो. निर्णय अंकात नसून कोष्टकात आहे, आणि ह्या मंडलात कोष्टक लिहिणारा हात विद्यार्थ्याचा आहे.

आज्ञावलीचा हिशेब असा. प्रथम षड्ज कोणती पट्टी ते ठरवावे. काळी एक घेतल्यास क्रमांक ६१, दाब २०८३ मिलिव्होल्ट. दाबलेल्या पट्टीच्या क्रमांकातून ६१ वजा करावे. बाकीस १२ ने भागले असता भागाकार सप्तक सांगतो व शेष स्वर. ६५ साठी भागाकार शून्य, शेष ४, म्हणजे शुद्ध गांधार. २०८३ अधिक ३२२, बरोबर २४०५. रूढ भागाकाराने २४१७ आले असते. षड्जाखालील पट्ट्यांसाठी शेष ऋण येऊ नये याची काळजी घ्यावी. मंद्र निषादास शेष उणे १ नव्हे, ११ मानावयाचा व सप्तक एकाने खाली धरावयाचे. पट्टी किंचित चढविण्यासाठी श्रुतिपेटीवर जी खुंटी असते तीही येथे सहज बसते. एक फिरता रोधक सूक्ष्मनियंत्रकास जोडून त्याचे माप षड्जाच्या दाबात मिळवावे. कोष्टकास हात लावावा लागत नाही, सर्व स्वर एकदम सरकतात.

ह्याहून पुढचा विचार भूप आणि देशकार ह्या दोन रागांपाशी येतो. दोघांचे स्वर तेच पाच, सा रे ग प ध. तरी देशकाराचा धैवत भूपाच्या धैवतापेक्षा चढा असतो, असे अनेक गुणिजन मानतात. भूपाचा धैवत ५:३ घेतला आणि देशकाराचा २७:१६, तर मिलिव्होल्ट अनुक्रमे ७३७ व ७५५ होतात. सारख्या भागांचा ७५० ह्या दोहोंच्या मध्ये अडकतो व दोघांपैकी एकाचाही होत नाही. हार्मोनियमच्या एका पट्टीत हे दोन धैवत बसणे शक्य नाही. येथे कोष्टक बदलताच तीच पट्टी दुसरा धैवत बोलते.

मींड

सुटे स्वर जुळले तरी हार्मोनियमवरील अर्धीच तक्रार मिटते. उरलेली अर्धी मींडेची. दाबाच्या भाषेत मींड अवघड नाही, कारण दोन स्वरांमधील जागा रिकामी नसते. ३२२ वरून ५८५ वर जाताना मधील प्रत्येक मिलिव्होल्टावर थांबत जावे, एवढेच. हजाराव्या भागाच्या सेकंदास एक पायरी चढल्यास २६३ पायऱ्यांची ही मींड पाव सेकंदात पुरी होते आणि पायऱ्या कानास जाणवत नाहीत. दाराशी रोधक व धारित्र जोडूनही स्वर घसरविता येतो. तेथे स्वर आरंभी झेपावतो आणि पोहोचताना रेंगाळतो. सम गतीच्या मींडेपेक्षा हे पुष्कळांस अधिक गोड वाटते, आणि आज्ञावलीतही त्याची नक्कल करता येते.

गमकासाठी वादकाचा हात हवा. मिडीच्या वाद्यांवर स्वर वाकविणारे एक चाक असते. त्याचा संदेश २२४ ने सुरू होतो व मागून दोन अंक येतात. धाकटा आधी, थोरला नंतर. दोन्ही मिळून १६,३८४ स्थाने होतात व मधले स्थान ८१९२. आळसाने केवळ थोरला अंक वाचला तर स्थाने १२८ च उरतात. चाकाची धाव वरखाली एकेक सप्तकाची ठेवली असता अशी प्रत्येक पायरी जवळजवळ १९ सेंटांची होते, आणि मींडेऐवजी जिना ऐकू येतो.

पारखणे

जुळणी झाल्यावर दाब मोजून पाहावा. शाळेतील साधा मल्टिमीटर २० व्होल्टांच्या मापावर १० मिलिव्होल्टांखालचे काही दाखवीत नाही. १० मिलिव्होल्ट म्हणजे १२ सेंट, आणि येथे तर एकेक मिलिव्होल्टाचा झगडा आहे. ह्यावर तोड सोपी. मल्टिमीटरची एक तार स्वराच्या दारास व दुसरी षड्जाच्या दारास लावावी आणि माप २ व्होल्टांचे ठेवावे. आता काटा भूतारेपासूनचा दाब न दाखविता षड्जापासूनचे अंतर दाखवितो, तेही मिलिव्होल्टागणिक. गांधाराची पट्टी दाबता ३२२ आणि पंचमाची दाबता ५८५ दिसावे. दोनचार मिलिव्होल्ट इकडेतिकडे झाल्यास तो चकतीचा स्वभाव समजावा. त्या त्या स्वराच्या कोष्टकात तेवढी दुरुस्ती करावी.

दाराचे रक्षण व्हावे म्हणून पुष्कळजण त्याच्यापुढे १००० ओहमचा रोधक लावतात. आंदोलकाच्या प्रवेशाचा रोध बहुधा १ लाख ओहम असतो. दोहोंच्या वाटणीत शेकडा एक दाब हरवतो, म्हणजे प्रत्येक सप्तकास १२ सेंट. जो गांधार मोठ्या यातायातीने जागेवर आणला तो पुन्हा घसरला. म्हणून मापन नेहमी आंदोलक जोडलेला असतानाच करावे, मोकळ्या दारावर नव्हे. आंदोलकही तापमानाने सरकतो. बंगळूरची हवा सौम्य असली तरी वीज दिल्यानंतर अर्धा तास जाऊ द्यावा.

शेवटची पारख कानाची. दुसऱ्या दारातील षड्ज चालू ठेवून प्रथम सारख्या भागांचे कोष्टक घालावे व गांधार धरून ठेवावा. स्वर भरीव असेल तर थरकाप स्पष्ट ऐकू येतो. मग कळ दाबून दुसऱ्या कोष्टकावर जावे. थरकाप मंदावतो, आणि आंदोलक चांगले जुळलेले असले तर थांबतो. वर्गात हा प्रयोग करताना कोष्टके कोणत्या क्रमाने लावली आहेत ते आधी न सांगता, कोणता गांधार तंबोऱ्याचा, हे विद्यार्थ्यांकडून ओळखवून घ्यावे.

एका कोष्टकास बारा संख्या लागतात व प्रत्येक संख्येस दोन बाइट, एकूण २४. वीज गेली तरी टिकणारी अशी १०२४ बाइटांची स्मृती ऊनोच्या चकतीत वेगळी राखलेली असते. तीत ४२ कोष्टके मावतात. एका कळीवर भूप, दुसऱ्या कळीवर देशकार.